हप्ता दर महिन्याला बाऊन्स होतो आणि "आधी कुणी कळवलंच नाही": नेमकं कुठे अडतं ते कसं शोधायचं

तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते. पाच तारखेला मोबाइलवर मेसेज येतो की हप्ता परत गेला, खात्यात पुरेसे पैसे नव्हते. त्यामागोमाग बँकेचा दंड, मग फायनान्सवाल्यांचा दंड, मग वसुलीचे फोन. या वेळी लक्ष ठेवायचं असं माणूस मनाशी ठरवतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच होतं. दुसरी तक्रार अशी की कसल्यातरी ॲपचे नाहीतर विम्याचे पैसे परस्पर कापले गेले आणि कशाचे ते कळतही नाही.

मी नाशिकला सिडकोत राहते आणि अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांचे, काही दुकानांचे हिशेब लिहिते. कामगारांच्या पगाराच्या याद्या माझ्याकडूनच बँकेत जातात. पगार कधी पडतो आणि हप्ता कधी जातो, या दोन तारखांमध्ये माणसं कशी अडकतात ते मला दर महिन्याला दिसतं. पैसे कापण्याआधी ग्राहकाला किती आधी कळवायला हवं, हा प्रश्न यातल्या प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी आहे. उत्तर मात्र सगळ्यांना एकच नाही. पैसे कोणत्या मार्गाने कापले गेले यावर ते ठरतं, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची.

पासबुकातली ओळ वाचा

मोबाइलवरचा मेसेज बाजूला ठेवा. पासबुकात एंट्री मारून घ्या किंवा बँकेच्या ॲपमधून गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. पैसे गेले त्या ओळीत तपशील लिहिलेला असतो, तो वाचा.

ओळीत 'एसीएच' किंवा 'नॅच' असं दिसलं तर तो नॅचवरून गेलेला हप्ता आहे. ही यंत्रणा एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारं राष्ट्रीय पेमेंट महामंडळ, चालवतं. पूर्वी जे ईसीएस होतं त्याची जागा हिने घेतली, आणि आपल्याकडे अजूनही बरेच जण त्याला ईसीएसच म्हणतात. गाडीचं, घराचं, टीव्ही-फ्रिजचं कर्ज, म्युच्युअल फंडाची एसआयपी आणि विम्याचे बरेच हप्ते इथून जातात. कर्ज घेताना फॉर्मवर सही केलेली असते किंवा डेबिट कार्ड, नेटबँकिंग, आधार यांपैकी एक वापरून संमती दिलेली असते. त्या संमतीला मँडेट म्हणतात आणि प्रत्येक मँडेटला युएमआरएन नावाचा क्रमांक असतो. तो शोधून वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जात लागतो.

ओळीत 'यूपीआय' आणि सोबत 'मँडेट' किंवा 'ऑटोपे' असेल तर ती संमती तुमच्या यूपीआय ॲपमधून दिलेली आहे. तिथे ऑटोपेच्या भागात चालू असलेल्या सगळ्या संमती दिसतात. कार्डावरून जाणारे पैसे ओळीत व्यापाऱ्याच्या नावाने दिसतात. सिनेमा-मालिकांची ॲप, मोबाइलमधली क्लाउडची जागा, असले प्रकार यात येतात.

उरलेल्या ओळी बँकेच्या स्वतःच्या असतात. एसएमएसचा आकार, डेबिट कार्डाची वार्षिक फी वगैरे. मेअखेरीस ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले तर घाबरू नका. ते प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे हप्ते आहेत. त्यांचं विमा वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि खातं उघडताना भरलेल्या कागदांमध्ये त्याचा फॉर्म बहुतेकदा असतोच. नको असेल तर बँकेत लेखी द्या. माझा सल्ला मात्र ठेवण्याचा आहे. मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या घरात या ४५६ रुपयांची किंमत फार मोठी आहे.

चोवीस तासांचा नियम कुणाला लागू आहे

कार्ड, वॉलेट आणि यूपीआय यांवरून ठरावीक मुदतीने कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेची ई-मँडेटची नियमावली आहे. पहिलं परिपत्रक ऑगस्ट २०१९ चं, यूपीआय त्यात जानेवारी २०२० मध्ये आलं, आणि ऑक्टोबर २०२१ पासून ती नियमावली खऱ्या अर्थाने पाळली जाऊ लागली. तिच्यानुसार पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. सूचनेत व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, कापण्याची तारीख आणि वेळ, संदर्भ क्रमांक आणि पैसे कशासाठी जाणार हे सगळं हवं. ते एक डेबिट किंवा अख्खं मँडेटच थांबवण्याची सोयही तिथूनच मिळायला हवी. पैसे गेल्यानंतर पुन्हा एक मेसेज. या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही.

१५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकते. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा डिसेंबर २०२३ पासून १ लाख रुपये आहे. त्यावरच्या रकमेला प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागते. फास्टॅगमधली शिल्लक कमी झाली की आपोआप पैसे भरले जातात, त्याला २४ तासांची सूचना लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ती सवलत दिली गेली. मुंबई-आग्रा रस्त्यावर टोल ओलांडताना पैसे केव्हा संपतील हे कुणालाच आधी ठाऊक नसतं, तेव्हा ती सवलत योग्यच आहे.

आता मुख्य मुद्दा. ही नियमावली कार्ड, वॉलेट आणि यूपीआयची आहे. नॅचवरून जाणारा कर्जाचा हप्ता तिच्यात येत नाही. कर्जदाराने मँडेट देताना तारीख मान्य केलेली असते आणि तीच त्याची सूचना धरली जाते. फायनान्स कंपन्या दोन-तीन दिवस आधी आठवण करून देतात, ती त्यांच्या सोयीने. म्हणजे ज्या पैशांसाठी लोकांना सर्वांत जास्त दंड बसतो, नेमक्या तिथेच दर महिन्याच्या सूचनेचा हा नियम नाही. "मेसेज आला नाही म्हणून हप्ता चुकला" हा युक्तिवाद बँकेच्या काउंटरवर टिकत नाही तो यामुळे, आणि तो करण्यात दिवस घालवू नका.

सूचना निघाली, पण पोहोचली का

कार्ड किंवा यूपीआयचं डेबिट असेल आणि सूचना मिळाली नाही असं वाटत असेल, तर आधी बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर तपासा. सातपूरच्या कामगारांमध्ये मला सर्रास दिसणारा प्रकार असा: खातं उघडलं तेव्हाचा नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला, नवा नंबर फक्त ओळखीच्या लोकांना दिला, बँकेला दिलाच नाही. कधी नंबर मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला. सूचना त्याच्या फोनवर जाते, तो जाहिरात समजून पुसून टाकतो.

नंबर बरोबर असेल तर सूचना कुठे मागवली आहे ते पाहा. ती एसएमएसने हवी की ईमेलने, हे मँडेट देताना ग्राहकाला निवडता येतं. घाईत ईमेल निवडला जातो आणि तो ईमेल कुणी उघडतच नाही. यूपीआय ॲपच्या सूचना फोनच्या सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेल्या असतात, त्याही तपासा.

मेसेज बहुतेकदा इंग्रजीत आणि एका ओळीत कोंबलेला असतो. सिन्नरहून रोज अपडाऊन करणाऱ्या आमच्या एका हेल्परला मी मेसेजमधल्या तीनच गोष्टी शोधायला शिकवलं: रक्कम, तारीख आणि शेवटी येणारा संदर्भ क्रमांक. इतकं पुरतं. बाकीचं इंग्रजी वाचता आलं नाही तरी चालतं.

खोट्या सूचनाही फिरतात, त्यांच्यापासून फार जपा. "उद्या तुमच्या खात्यातून ९,८०० रुपये कापले जातील, थांबवायचे असतील तर खालील लिंक दाबा" असा मेसेज आला की माणूस धास्तावतो आणि नेमकं तेच करतो. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेली अशी सूचना खोटी समजा. बँकेचा मेसेज अक्षरी नावावरून येतो, आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२५ च्या बदलांनंतर त्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'एस' किंवा 'टी' हे अक्षर असतं. 'पी' असेल तर ती जाहिरात. अर्थात अक्षर पाहूनही लिंक दाबू नका. मँडेट थांबवायचं तर स्वतः ॲप उघडून थांबवा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

पुन्हा पुन्हा बाऊन्स का होतो: एका पासबुकाचं पान

आता त्या प्रकाराकडे येते ज्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. सातपूरमधल्या एका सीएनसी ऑपरेटरचं पान मी त्याच्यासोबत बसून ओळीओळीने वाचलं. पाच तारखेला सकाळी शिल्लक १,१३० रुपये. गाडीचा ४,३५० चा हप्ता आला आणि परत गेला. त्याखाली ५९० रुपये नावे: दंड ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०. शिल्लक ५४०. त्याच दिवशी मोबाइलच्या कर्जाचा १,८९९ चा हप्ता आला, तोही परत, पुन्हा ५९० चा दंड. खात्यात ५४० च होते, तेवढे गेले आणि ५० रुपये बँकेने येणे म्हणून मांडले. सात तारखेला पगाराचे २१,४०० जमा झाले, तेव्हा पहिले ते ५० कापले गेले.

पगार झाला त्याच संध्याकाळी घरभाडं, किराणा आणि गावी पाठवायचे पैसे गेले. आठ तारखेला फायनान्स कंपनीने गाडीचा हप्ता पुन्हा लावला. तेव्हा खात्यात चार हजारांच्या आसपास होते, ४,३५० ला थोडेसेच कमी. तिसरा दंड. शेवटी त्याने त्यांच्या ऑफिसात जाऊन रोख भरले.

फक्त पाच तारखेचे दोन दंड धरले तरी महिन्याला १,१८० होतात, वर्षाला १४,१६०. गाडीचे तीन हप्ते याहून कमी पैशात फिटतात. यात हा माणूस उधळ्या नाही आणि विसराळूही नाही. पगार सातला आणि हप्ता पाचला, एवढंच कारण आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायची मुभा कायदाच मालकाला देतो, आणि अंबड-सातपूरची बरीचशी छोटी युनिट ती शेवटच्या दिवसापर्यंत वापरतात. कर्ज देणारा मात्र फॉर्म भरताना दोन, तीन किंवा पाच तारीख टाकून मोकळा होतो. शोरूममध्ये गाडीची चावी हातात येण्याच्या घाईत ती तारीख कुणी वाचत नाही.

यावर उपाय आहे आणि तो करताच येतो: हप्त्याची तारीख बदलून घ्या. पगाराच्या नेहमीच्या तारखेनंतर तीन दिवस सोडून, म्हणजे सातला पगार असेल तर दहा. कर्ज देणाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, सोबत तीन महिन्यांचं स्टेटमेंट जोडा आणि त्यात पगाराच्या ओळींवर खूण करा. पहिल्यांदा "तारीख बदलता येत नाही" असं ऐकायला मिळेल. मग विचारा की नवं मँडेट करून बदलता येते का. बऱ्याच ठिकाणी तसं होतं. मधल्या पाच-सात दिवसांचं जास्तीचं व्याज एकदा लागतं. छोट्या कर्जात ते बहुतेकदा एका दंडापेक्षा कमीच असतं. जुनं मँडेट रद्द झाल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय नव्यावर विसंबू नका, नाहीतर दोन्हीकडून हप्ता लागतो.

मँडेटच्या फॉर्मवर आणखी दोन जागा नीट पाहा. 'ठरावीक रक्कम' की 'कमाल रक्कम', आणि 'दर महिन्याला' की 'जेव्हा सादर होईल तेव्हा'. कमाल रक्कम आणि जेव्हा सादर होईल तेव्हा, अशी जोडी असेल तर एकाच महिन्यात दोन-तीनदा हप्ता लावायला वाट मोकळी असते. वर सांगितलेल्या ऑपरेटरच्या फॉर्मवर हीच जोडी होती. नवं मँडेट करताना 'दर महिन्याला' मागून पाहा.

तारीख बदलेपर्यंत काय करायचं? पैसे आदल्या संध्याकाळपर्यंत खात्यात पाहिजेत. त्याच दिवशी सकाळी दहाला बँक उघडल्यावर भरू, हा हिशेब चालत नाही. "रविवार आहे, सोमवारी कापतील" हेही आता खरं नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सुट्टीच्या दिवशीही चालतं. यूपीआय ऑटोपेची वसुली ऑगस्ट २०२५ पासून गर्दी नसलेल्या वेळांत होते, सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५ आणि रात्री साडेनऊनंतर. तिथेही आदली रात्र हीच सुरक्षित वेळ.

दिवाळीच्या बोनसमधून एक हप्ता खात्यात कायमचा बाजूला ठेवता आला तर हा सगळा ताण संपतो. बोनसवर घरातल्या दहा जणांचा डोळा असतो हे मी जाणते, तरी हे सांगते. मालकांनाही माझी विनंती असते की सात ही शेवटची तारीख आहे, पगार चारला करता येत असेल तर करा. ज्या एका युनिटने तसं केलं, तिथे उचल मागायला येणारे निम्म्याने कमी झाले.

शेतकऱ्यांचं गणित वेगळं आहे. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचा पैसा जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो, मग ट्रॅक्टरचा हप्ता महिन्याचा घेऊच नका. सहामाही हप्त्याची सोय मिळते, ती मागा आणि महिना हंगामाचा निवडा.

मग किती दिवस आधी कळवावं?

ब्रिटनमध्ये डायरेक्ट डेबिटच्या हमीत रक्कम किंवा तारीख बदलणार असेल तर साधारण १० कामकाजाचे दिवस आधी कळवायचं असतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. युरोपच्या सेपा पद्धतीत ही मुदत १४ दिवसांची आहे, आणि तीही परस्पर ठरवून कमी करता येते. शिवाय तिथे संमतीने गेलेलं डेबिटसुद्धा ८ आठवड्यांच्या आत ग्राहक कारण न देता परत मागू शकतो. आपल्याकडच्या २४ तासांशी तुलना केली की फरक ठळक दिसतो.

चोवीस तास नको असलेलं डेबिट थांबवायला पुरतात. एखाद्या ॲपची वर्गणी नको असेल तर दोन मिनिटांत बंद करता येते. पण पैसे उभे करायला चोवीस तास कुणालाच पुरत नाहीत. रोजंदारीवरचा माणूस रात्री नऊला मेसेज पाहून दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत चार हजार आणणार कुठून? हातउसने मागायलाही एक दिवस जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ठरलेला हप्ता असेल तर सात दिवस आधी, आणि रक्कम बदलणार असेल तर त्याहून जास्त. सात यासाठी, की आपल्याकडे कंत्राटावरच्या बऱ्याच लोकांना आठवड्याला पगार मिळतो. सात दिवसांत एक पगाराचा दिवस हमखास येतो.

नाशिकमध्ये जिम, क्लासेस, अभ्यासिका, सोसायट्या, पाणी-जारवाले असे अनेक जण आता ऑटोपेवर पैसे घेतात. बँकेची २४ तासांची सूचना जाईलच, पण तिच्यावर थांबू नका. माझ्याकडच्या एका क्लासवाल्यांना मी हा मजकूर लिहून दिला, तो ते दर महिन्याला पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात:

"नमस्कार. पुढच्या मंगळवारी, १० तारखेला, तुमच्या खात्यातून क्लासची फी १,५०० रुपये ऑटोपेने जाईल. तारीख पुढे ढकलायची असेल तर रविवारी संध्याकाळपर्यंत याच नंबरवर कळवा, दंड लागणार नाही. रक्कम गेल्या महिन्याइतकीच आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. रक्कम तीच आहे की बदलली, हे लोकांना सर्वांत आधी जाणून घ्यायचं असतं. आणि बदलली असेल तर का बदलली ते त्याच मेसेजमध्ये लिहा. बुडीत फी आणि बाऊन्सची कटकट या एका मेसेजने बरीच कमी झाली, असं त्यांचं सांगणं आहे.

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात हप्ता किंवा मुदत बदलली तर बँकेने कर्जदाराला कळवायचं असतं. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक तसं सांगतं. ते पत्र न येता हप्ता वाढलेला दिसला तर लेखी विचारा. नवं कर्ज घेत असाल तर सहीच्या आधी मुख्य तथ्यांचं विवरणपत्र, केएफएस, मागा. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे, ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, आणि हप्ता परत गेल्यास किती दंड लागेल तेही त्यात असतं. थकलेल्या हप्त्यावरचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मँडेट थांबवायचं असेल तर

यूपीआय आणि कार्डाचं ॲपमधूनच होतं. एसआयपी थांबवायची तर फंडाकडे अर्ज करा. त्यांना दोन कामकाजाचे दिवस असतात, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी अर्ज करून उपयोग नाही. नॅचसाठी तुमच्या बँकेच्या शाखेत जा. "ज्यांनी लावलंय त्यांच्याकडे जा" असं सांगून परत पाठवतात, तेव्हा हटून बसा. मँडेट रद्द करायला तुमची बँक तुमचा अर्ज घेऊ शकते. अर्ज असा लिहा:

"माझ्या बचत खाते क्रमांक … वर नोंदवलेलं, युएमआरएन … असलेलं मँडेट आजपासून रद्द करावं. यापुढे या मँडेटवर कोणतीही रक्कम नावे टाकू नये. रद्द केल्याचं लेखी कळवावं, ही विनंती."

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, कारण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने मँडेट रद्द केल्यानंतरही पैसे कापले गेले तर जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची. तिने दुसऱ्या दिवसापर्यंत निवारण करायचं, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. ही भरपाई न मागताही मिळायला हवी, पण मागावी लागते असा माझा अनुभव आहे.

मँडेट रद्द केलं म्हणून कर्ज फिटत नाही. हप्ता दुसऱ्या मार्गाने भरत राहायचाच. हप्ता पैशाअभावी परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते. त्याला नोटिशीचा टप्पा आहे: बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत त्यांनी लेखी नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरलेत तर प्रकरण पुढे जात नाही. म्हणून अशी नोटीस आली की पाकीट न उघडता ठेवून देऊ नका. पंधरा दिवस मोजायला सुरुवात करा. विम्याचा हप्ता हुकला असेल तर महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरून टाका, पॉलिसी चालू राहते.

दाद कुठे मागायची

आधी बँकेत किंवा फायनान्स कंपनीत लेखी तक्रार आणि तिचा क्रमांक. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या नंबरवर मराठीतून माहिती मिळते. तक्रारीत "मला कळवलं नाही" एवढंच लिहू नका. मँडेट कोणत्या प्रकारचं, पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, सूचना आली असेल तर तिची वेळ, दंडाची प्रत्येक ओळ आणि पोच, एवढं जोडा. कार्ड किंवा यूपीआयचं डेबिट २४ तासांच्या आधी न कळवता गेलं असेल तर तेच पहिल्या वाक्यात लिहा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र लोकपाल ते प्रकरण घेत नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था भरपूर आहेत आणि लोकांना वाटतं की ती बँकच. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. क्लास, जिम किंवा ॲपवाल्यांशी भांडण असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग.